दोन मुळम आणि वर वीतभर

चेन्नईत आले त्याच आठवड्यात मी एका फूलवालीला विचारलं होतं, "गजरा केवढ्याला?" विचारलं ते हातवारे करून, कारण मला तमिळ येत नव्हतं आणि तिला सोलापूर ठाऊक नव्हतं. तिनं उत्तरादाखल आपला हात पुढे केला आणि ओवलेल्या मोगऱ्याची, म्हणजे इथल्या मल्लीची, लड कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत ताणून धरली. हा एक मुळम. इथे गजरा नगावर मिळत नाही, मुळमावर मिळतो. आपल्याकडे जुनी माणसं 'हातभर' म्हणायची तेच हे माप, फक्त इथे ते अजून रोज सकाळी कामावर हजर असतं.

मी तेव्हा नुकतीच अर्थशास्त्रात एम. ए. झाले होते, आणि नव्या नवरीपेक्षा नवी एम. ए. घराला जास्त जड जाते. मला लगेच शंका आली की हात कुणाचा? तर विकणारीचा. म्हणजे माप विकणारीच्या अंगालाच चिकटलेलं, आणि घेणाऱ्यानं ते मुकाट मान्य करायचं! पुढे इथल्या एका मुलींच्या कॉलेजात शिकवायला लागल्यावर मी या शंकेचा धडाच करून टाकला. दर वर्षी पहिल्या तासाला मुलींना विचारायचे, "मल्ली कुणाकडून घ्यावी?" कुणी म्हणे देवळाजवळून, कुणी म्हणे जिथे ताजी असेल तिथून. मग मी म्हणायचे, "उंच बाईकडून. तिचा हात लांब असतो." वर्ग खळखळून हसायचा आणि माझा पहिला तास फत्ते व्हायचा.

आता कबूल करायची गोष्ट अशी की मी स्वतः गेली बारा वर्षं ज्या बाईकडून फूल घेते ती बुटकी आहे. वेलचेरीत आमच्या इमारतीच्या कोपऱ्यावर गणपतीचं छोटं देऊळ आहे, त्याच्या कट्ट्याशी ती बसते. कोपरापासून बोटापर्यंतचा तिचा हात इतका आखूड की माझ्याच सिद्धांताप्रमाणे मी तिच्या वाऱ्यालाही उभं राहू नये. पण ती दोन मुळम मोजते आणि थांबत नाही. लड बोटांवरून आणखी वीतभर पुढे सरकते, आणि मग तिथे ती दोरा तोडते. या वरच्या वीतभराला इथे कोसुरु म्हणतात. भाजीवाला भाजीवर कढीलिंबाची काडी टाकतो तोही कोसुरुच. मागायचा नसतो, मोजायचा नसतो, आणि दिला नाही म्हणून भांडायचं तर मुळीच नसतं.

माझं शिक्षण सोलापुरात मराठीतून झालं. इथे मी इंग्रजीत शिकवते आणि अडलं की मोडक्या तमिळमध्ये, पण डोक्यात अजून जुन्या पाठ्यपुस्तकातले शब्दच फिरतात. त्यातला एक मला फार आवडतो: उपभोक्त्याचे संतोषाधिक्य. एखाद्या वस्तूसाठी आपण जेवढं द्यायला तयार असतो त्याहून कमी द्यावं लागलं, की वर जो आनंद उरतो तो. फळ्यावर त्याचा एक त्रिकोण काढतात. सतरा वर्षं मी तो त्रिकोण काढत आले, आणि दर वेळी खडूनं तो रंगवताना मला त्या वीतभर मल्लीचा वास येतो.

तसं बघितलं तर घरातही माझं संतोषाधिक्य बरंच आहे. नवरा तंजावरी मराठी. त्याचे पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी इकडे आले आणि मराठी तेवढी सोबत घेऊन राहिले. लग्नात मला वाटलं, चला, भाषेचा तरी प्रश्न नाही. मग सासूबाई बोलल्या. त्यांच्या मराठीत आपल्या जुन्या पोथ्यांतले शब्द आहेत, चाल तमिळ आहे, आणि वर सढळ हातानं सांबार ओतलेलं आहे. 'सगळं' याला त्या 'अस्क' म्हणतात. पहिलं वर्ष आम्ही दोघी मराठीतच बोलायचो आणि नवरा दुभाष्याचं काम करायचा. आता त्या ब्याऐंशीच्या आहेत आणि मी त्यांच्यासारखं बोलले की माझी सोलापूरची बहीण फोनवर हसून बेजार होते.

फुलं मुख्यतः त्यांच्या पूजेसाठी. साडेसहाला मी खाली जायचं, दूध आणि दोन मुळम मल्ली आणायची, मग देवांचं झाल्यावर वरचा वीतभर तुकडा माझ्या केसात. हा तुकडा त्या स्वतः तोडून देतात. "हें तुझं," एवढंच म्हणतात.

फूलवाली आणि मी तशा बरोबरीच्या. ती मला टीचरम्मा म्हणते, मी तिला अक्का. एकदा ऐन मुहूर्ताच्या दिवसांत मी तिला अर्थशास्त्र शिकवायला गेले होते. लग्नसराईत, त्यातून थंडीत, मल्लीचा घाऊक भाव असा चढतो की बाजारात जाऊन आलेले लोक नुसते सुस्कारे टाकतात. पण अक्का रोजच्या गिऱ्हाईकांना नेहमीच्याच भावानं देत होती. मी म्हटलं, "अक्का, तुम्ही तोट्यात विकताय. भाव वाढवा. ज्याला खरंच हवंय तो घेईल." ती दोरा दातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "उन्हाळ्यात मल्ली मातीमोल होते तेव्हा तुम्ही मला कमी देता का?" नव्हते देत. वर्षभर एकच भाव, वर जाताना तिचा तोटा, खाली येताना माझा, आणि मला त्याचा पत्ताही नाही. मोठमोठ्या कंपन्या ज्यासाठी करार लिहून घेतात ते ती तोंडानंसुद्धा बोलली नव्हती. मी वर्गात हे उदाहरण सांगते, आणि त्यात भाव वाढवा म्हणणारी ती शहाणी कोण हे मात्र सांगत नाही.

तिला एकच मुलगी. नवरा नाही. मुलगी बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली तेव्हा अक्कानं मला कट्ट्याशी थांबवून घेतलं. "टीचरम्मा, तुम्ही कॉलेजात काय शिकवता?"

"पोरुळादारम," मी म्हटलं. अर्थशास्त्राला तमिळमध्ये हेच म्हणतात.

"त्यानं काय होतं?"

"माणसं काय निवडतात आणि का निवडतात, ते कळतं."

"ते मला सकाळी सहाला कळतं," ती म्हणाली. पण मग जरा थांबून, पाण्याचा हबका फुलांवर मारत म्हणाली, "तुमच्या भरवशावर पाठवते."

भरवसा हा शब्द तिनं तमिळमध्ये उच्चारला, तरी मला तो मराठीतच ऐकू आला. मुलगी आमच्या कॉलेजात आली. तिसऱ्या बाकावर बसायची, भिंतीच्या कडेला. केसात आईची मल्ली, वही सरळ, अक्षर बारीक. प्रश्न कमी विचारायची, पण विचारला की माझी झोप उडवायची. घटत्या उपयोगितेच्या तासाला मी डोशाचं उदाहरण दिलं. पहिला डोसा अमृत, चौथा जड, सहावा शिक्षा. तर ही उभी राहून म्हणाली, "मिस, पहिला डोसा आईनं मला दिला आणि ती उपाशी राहिली, तर तो कुणाच्या खात्यात धरायचा?" मी म्हटलं, पुढच्या सत्रात सांगते. हे आमचं ठेवणीतलं उत्तर.

आता माझी चूक.

जानेवारी महिना, पोंगलच्या सुट्टीआधीचा शेवटचा तास, आणि धडा खर्चाचा. माझ्या मते अख्ख्या अर्थशास्त्रात हा सगळ्यांत देखणा विचार आहे, संधीखर्चाचा. एखादी गोष्ट आपल्याला खरोखर केवढ्याला पडली? तर तिच्यासाठी जे दुसरं सोडून दिलं तेवढ्याला. मी फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारली आणि विचारलं, "तुमची ही डिग्री तुम्हाला केवढ्याला पडते?" मुली सांगू लागल्या. फी. बसचा पास. पुस्तकं. एकजण म्हणाली, कँटीनची कॉफी. उजव्या बाजूला मी सगळं लिहीत गेले. मग खडू टेबलावर आपटला आणि म्हटलं, "यातलं काहीच खरं मोठं नाही." आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: जो पगार तुम्ही आज घेत नाही, तो.

वर्ग चिडीचूप. वहीच्या मागच्या पानावर चित्रं काढणारीनंसुद्धा पेन थांबवलं. शिकवणाऱ्या माणसाला अशी शांतता वर्षातून एकदाच लाभते, आणि मी ती चवीनं घोळवत राहिले. तेवढ्यात घंटा झाली. फळ्याची डावी बाजू, म्हणजे या खर्चाच्या बदल्यात काय काय मिळतं ती बाजू, कोरीच होती. "हे सुट्टीनंतर," मी म्हटलं आणि खडूचे हात झटकत बाहेर पडले. स्वतःवर इतकी खूश होते की त्या दिवशी घरी येताना नवऱ्यासाठी पाव किलो म्हैसूरपाक घेतला.

सुट्टीनंतर मी डावी बाजू शिकवली. तिसऱ्या बाकावर भिंतीच्या कडेची जागा रिकामी होती. आजारी असेल, गावी गेली असेल. पोंगलला अर्धं शहर गावी जातं, आणि परत येताना मनानं आठवडाभर तिकडेच असतं. दोन-तीन आठवडे मी काही मनावर घेतलं नाही.

मनावर घेतलं ते सासूबाईंनी, आणि तेही मुलीबद्दल नाही, फुलांबद्दल. देवांना फूल वाहता वाहता त्या म्हणाल्या, "अगे, फूल थोडं कां? अस्क देवांला पुरत नै."

मी लड हातात घेऊन बघितली. बरोबर दोन मुळम. आखूड हाताचे दोन मुळम, वर काही नाही. गेले काही दिवस तसंच होतं हे मग आठवलं. आणि भावही वाढलेला, बाजाराचा, थंडीतला, चटका बसेल असा. मी तो मुकाट दिला होता, कारण सकाळी साडेसहाला माझ्यातली अर्थशास्त्रज्ञ जागी नसते.

"तीस काय बोल्लीस?" सासूबाईंनी विचारलं. "फूलवालीस कोणी दुखवतं कां?"

मी काहीच बोलले नव्हते. पण त्यांच्या नजरेसमोर मला उगीचच अपराधी वाटायला लागलं, आणि पुढे कळलं की ते उगीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी दूध बाजूला ठेवून विचारलंच, "अक्का, काय झालं?"

"दोन मुळम म्हणालात, दोन मुळम दिले," ती म्हणाली. मान वर नाही.

"मुलगी कॉलेजला येत नाही."

तेव्हा तिनं मान वर केली. माझ्याकडे कुणी इतक्या रागानं कधी बघितलेलं नाही, माझ्या सख्ख्या नणंदेनंसुद्धा नाही. "ती इरुंगाट्टुकोट्टैला कंपनीत लागली. गाड्यांच्या वायरी बांधते. पहाटे कंपनीची बस येते. मी म्हटलं, शिक. तर म्हणाली, मिसनीच फळ्यावर लिहून दाखवलं, कॉलेज फार महाग पडतं." मग तिनं दुसऱ्या गिऱ्हाइकाची लड उचलली, मोजली, वर वीतभर दिलं आणि माझ्याकडे बघून तोडलं.

मी ज्या शांततेवर म्हैसूरपाक घेतला होता तिच्यात एक मुलगी बसून निमूटपणे हिशेब करत होती, आणि मी तिला अर्धाच हिशेब देऊन सुट्टीवर गेले होते. कॉलेजला जाताना गाडीत मी खिडकीबाहेर बघत होते आणि मला काही दिसत नव्हतं. अक्काचा भरवसा गेला, हे तर होतंच. पण त्याहून जास्त मला ती मुलगी वर्गात हवी होती. तिच्याशिवाय तो वर्ग मला कंटाळवाणा वाटायला लागला होता, हे मी त्या दिवशी स्वतःशी कबूल केलं.

चौकशी केली. परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत अजून होती. हजेरी कमी पडत होती, पण विभागप्रमुख म्हणाल्या, या आठवड्यात-दोन आठवड्यांत परत आली तर बघता येईल. त्यापुढे वर्ष गेलं. मी रविवारी दुपारी तिच्या घरी गेले.

रेल्वेच्या पुलापलीकडच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर एक खोली आणि पुढे गॅलरी. गॅलरीत अक्का केळीच्या सोपटाच्या धाग्यात फुलं गुंफत बसली होती. तिनं मला बसायला स्टूल दिलं, पाणी दिलं, आणि पुन्हा गुंफायला लागली. मुलगी आतून आली. एका महिन्यात ती वाळली होती, पण डोळे तेच.

मी तयारीनं गेले होते. म्हटलं, "अगं, पहिल्या वर्षाची फी भरून झालीय. ती वाया जाईल."

"ती गेलेली आहे, मिस," ती आदबीनं म्हणाली. "गेलेल्या खर्चाकडे बघून पुढचं ठरवायचं नाही, असं तुम्हीच शिकवलंत."

मी पाण्याचा घोट घेतला. मग म्हटलं, डिग्रीनंतर पगार जास्त मिळेल, सगळं आयुष्य पुढे आहे. तर ती म्हणाली, "तो उद्याचा पैसा, मिस. उद्याचा रुपया आजच्यापेक्षा लहान. तेही तुम्हीच." गुरूची विद्या गुरूला, दुसरं काय! मी हरत होते आणि आतून मला तिचा इतका अभिमान वाटत होता की चेहरा गंभीर ठेवणं जड जात होतं.

तीही मग जरा मोकळी झाली. स्टुलाजवळ फरशीवर बसून कंपनीतलं सांगायला लागली. "मिस, तो घटत्या फलाचा नियम खरा आहे! आमच्या टेबलावर सहाजणी होत्या. सातवी आली तेव्हा काम वाढलं. आठवी आली तेव्हा आम्ही एकमेकींच्या कोपरात कोपर घालायला लागलो आणि वायरींच्या जुड्या कमी व्हायला लागल्या. मी सुपरवायझरला सांगितलं. तो म्हणाला, तू गप बस." तिनं बोटानं फरशीवर तो वर जाऊन खाली वळणारा कर्व्ह काढून दाखवला. अगदी बरोबर काढला. मी सतरा वर्षं तो नुसताच फळ्यावर बघितला होता.

"मग तरी का?" मी विचारलं.

तिनं गॅलरीकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "आईचा उजवा खांदा आणि कोपर. डॉक्टर म्हणाले, पहाटेचा बाजार बंद करा, टोपली उचलू नका, सकाळचं बसणं सोडा. माझा पगार आला की तिला सकाळी उठायला नको. तसं आमचं ठरलंय. मी कंपनीत जायचं आणि तिनं पहाटे झोपायचं. संध्याकाळी देवळाशी तासभर बसली तर बसली." आणि मग, जणू पेपरातलं शेवटचं वाक्य लिहावं तसं, "या महिन्यापासून ती सकाळची जात नाही."

"जात नाही कशी?" मी म्हटलं. "मी रोज साडेसहाला तिच्याकडूनच फूल घेते."

बोलून गेले. गॅलरीतली बोटं थांबली. आत मुलगी माझ्याकडे बघत होती, मग आईकडे. मला आपण काय करून बसलो ते हळूहळू कळत गेलं. मुलगी साडेचारला घर सोडायची, आणि ती गेली की आई उठून टोपली घेऊन बाजार गाठायची. मुलगी परत येईपर्यंत सगळं आवरलेलं असायचं. ती बाई इतके दिवस पोटच्या पोरीशी लपंडाव खेळत होती आणि मी एका वाक्यात तिला पकडून दिलं होतं.

"अम्मा?" मुलगी म्हणाली.

अक्कानं आधी माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी इथे लिहीत नाही. मग ती फुलांकडे बघत म्हणाली, "घरी पडून राहिलं की हात जास्त दुखतो. आणि सकाळी माणसं वाट बघतात. पलीकडच्या बिल्डिंगमधल्या त्या आजी मी दिसले नाही तर जिन्यावरून हाका मारतात. मी काय करू झोपून? भिंत बघू?"

खाली कुणीतरी इडलीच्या पिठाची गाडी ढकलत ओरडत गेलं. मी उठले.

मुलगी मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आली. वळणावर थांबून म्हणाली, "मी पगार देऊन आईची विश्रांती घेत होते, मिस. ती विश्रांती तिला नकोच आहे. मग मी पहाटे उठून विकत घेतेय तरी काय?"

माझ्या तोंडाशी तीन उत्तरं आली. तिन्ही बरोबर होती, तिन्हींवर मी पेपर तपासलेले आहेत. मी ती गिळली. शिक्षकी पेशात एवढं कठीण काम मी दुसरं केलेलं नाही. "पुढच्या सोमवारपर्यंत फॉर्म भरता येतो," एवढंच म्हटलं. "हजेरीचं मी बघून ठेवलंय."

तो आठवडा लांबला. फूल रोज बरोबर दोन मुळम, भाव बाजाराचा. अक्का आता माझ्याकडे बघतही नव्हती. मी गेले की मागे पुढचं गिऱ्हाईक उभं असल्यासारखी माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायची. बुधवारी मला राग आला. म्हटलं, आपण काही गुन्हा केलेला नाही, आणि मोठ्या रस्त्यावरच्या त्या उंच बाईकडे गेले. काय हात होता तिचा! दोन मुळमात आमचे सगळे देव झाकले गेले आणि वर माझ्या केसालाही उरलं. सतरा वर्षांचा सिद्धांत सिद्ध झाला. सासूबाईंनी लड उचलून वास घेतला, खाली ठेवली आणि विचारलं, "हें कोठलं?" मी सांगितलं. त्यांनी पूजा केली, पण तुकडा तोडून माझ्या हातात काही दिला नाही, आणि मलाही तो मागावासा वाटला नाही. गुरुवारी मी पुन्हा कट्ट्याशी हजर.

त्या दिवसांत मला सारखं वाटायचं की मुलगी आता आईवर चिडून हट्टानं कंपनीतच राहील. माझ्या बोलण्यानं दोघींत वितुष्ट आलं असेल. कदाचित खरं काय ते कळल्यानं काहीच सुधारत नसेल, आणि आम्ही अर्थशास्त्रवाले उगीच म्हणत असू की माहिती पुरी मिळाली की माणसं नीट निवडतात. नवऱ्याला विचारलं. तो बँकेत आहे. तो म्हणाला, "थांब जरा." बँकेतले लोक एरवी असं कधी सांगत नाहीत.

शुक्रवारी सकाळी खाली गेले. कट्ट्याशी अक्का नेहमीसारखी, ओल्या फडक्याखाली फुलं. पण आज शेजारी टोपलीऐवजी दोन चाकांची छोटी ढकलगाडी होती, बाजारातून सामान ओढत आणायची. नवी दिसत होती. मुलीच्या पगारातली असावी.

"दोन मुळम," मी म्हटलं आणि वाढलेल्या भावाचे पैसे सुटे करून हातात धरले.

तिनं लड उचलली. कोपराला लावली. एक. पुन्हा कोपराला लावली. दोन. मी पैसे पुढे केले.

तिचा हात थांबला नाही. लड बोटांवरून पुढे सरकली, वीतभर, आणि तिथेही न थांबता आणखी चार बोटं. मग तिनं दोरा तोडला. पानात गुंडाळून माझ्या पिशवीत टाकलं, माझ्या हातातले पैसे घेतले, त्यातले जुन्या भावाचे ठेवले आणि उरलेले माझ्या मुठीत परत कोंबले. माझ्याकडे बघितलं, पुरतं बघितलं.

"पळा, टीचरम्मा," ती म्हणाली. "उशीर होईल. आज तीही येतेय वर्गात."

मला काही उशीर झालेला नव्हता. सात वाजायचे होते. पण मी पळाले. जिन्यात मला रडू आलं आणि दुधाची पिशवी सांभाळत मी ते पदरानं पुसलं. वर जाऊन फूल सासूबाईंच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी लड उलगडली. उलगडतच गेल्या.

"आज बेस आहे की गे," त्या म्हणाल्या. "काय जाहलं?"

"आई, आज मला एका मुलीसाठी फळ्याची डावी बाजू पुन्हा लिहायची आहे," मी म्हटलं.

त्यांना त्यातलं काही कळलं नसावं. त्यांनी देवांपुरतं फूल मोजून बाजूला काढलं, वरचा तुकडा तोडला, मला खाली वाकायला लावलं आणि तो स्वतःच्या हातानं माझ्या केसात खोवला.

"हें तुझं," त्या म्हणाल्या.